काजूच्या भट्टीवरचा प्रॅक्टिकल: हेल्थ प्रमोशनचा एक कोर्स आम्ही कसा मोडून पुन्हा बांधला

पार्श्वभूमी

गोव्यातलं एक कॉलेज आहे, नाव सांगत नाही, आणि खाली माणसांची नावंही मुद्दाम टाळली आहेत. तिथे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला 'हेल्थ प्रमोशन', म्हणजे आरोग्यसंवर्धन, नावाचा चार क्रेडिटचा पेपर आहे. तीन क्रेडिट थिअरी, एक प्रॅक्टिकल. तासांत मोजायचं तर थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास आणि प्रॅक्टिकलच्या एकाला 30, म्हणजे 45 अधिक 30. हा पेपर मी बरीच वर्षं शिकवत होते आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा, कारण शिकवायला सोपा होता. डब्ल्यूएचओची 1948 ची आरोग्याची व्याख्या, मग 1978 चा प्राथमिक आरोग्यसेवेवरचा अल्मा-आटा जाहीरनामा, मग हेल्थ प्रमोशनचा पाया मानला जाणारा 1986 चा ओटावा चार्टर आणि त्यातली पाच कृतिक्षेत्रं, मग वर्तनबदलाची मॉडेलं, शेवटी नीतिमूल्यं, तीही वेळ उरला तर. प्रॅक्टिकल म्हणजे पोस्टर करा, गावात जाऊन लावा, फोटो काढा, फाईल बांधा. बॅच वीस-बावीस मुलांची, निकाल नेहमी चांगला.

मग नवीन शिक्षण धोरणाचं वारं आलं आणि सगळ्यांना कोर्स आउटकम लिहा, सीओ-पीओ मॅपिंग करा, म्हणजे पेपरची उद्दिष्टं पूर्ण पदवीच्या उद्दिष्टांशी जुळवून दाखवा, असं सांगण्यात आलं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे काय प्रकार असतो तो, एक्सेलच्या तक्त्यात 1, 2, 3 भरत बसायचं, 3 म्हणजे घट्ट जुळतं. माझा तक्ता मी एका दुपारी भरून दिला. सगळीकडे 3. कोणी काही विचारलं नाही.

अडचण कुठे लक्षात आली

त्या वर्षी फील्डवर्कला आम्ही सत्तरी तालुक्यातलं एक गाव घेतलं होतं आणि विषय होता माकडताप. म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. हा रोग 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात पहिल्यांदा ओळखला गेला, गोव्यात सत्तरीत 2015 पासून केसेस दिसायला लागल्या, आणि आपल्याला लागून असलेल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही तो पोचला. गोचिडीतून पसरतो, माकडं मरून पडली की समजायचं त्या भागात विषाणू फिरतोय. मोसम कोरडा, साधारण डिसेंबर ते मे. आणि नेमका त्याच्या मधोमध काजूचा मोसम.

मुलांनी पोस्टर सुंदर केलं होतं. वर मोठ्या अक्षरात, 'जंगलात जाणे टाळा'. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, लेखी परीक्षेत नव्वदच्या पुढे, ती एका घराच्या अंगणात उभं राहून ते समजावून सांगत होती. समोर एक आजी काजूच्या बोंडूतून बिया पिळून वेगळ्या करत बसलेली, हात कोपरापर्यंत रसाने चिकट, भोवती माश्या आणि तो बोंडूचा गोड-आंबट वास. आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "जंगलांत वचूं नाकात म्हणटा तूं. मागीर काजू पुंजावंक कोण वतलो? तूं?" म्हणजे, जंगलात जाऊ नका म्हणतेस, मग काजू गोळा करायला कोण जाणार, तू?

मुलगी गप्प. मीही गप्प, ते सांगायला हवं. कारण याच्यावर काय बोलायचं ते मलाही कुठल्या युनिटमध्ये शिकवलेलं नव्हतं.

त्याच दिवशी दुसरं प्रकरण झालं. एका मुलाने एका बाईच्या पायावरच्या गोचिडीच्या चाव्यांचा फोटो काढला, तिला विचारून काढला असं त्याचं म्हणणं, आणि तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथून तो संध्याकाळपर्यंत गावातल्या ग्रुपवर. बाईचा चेहरा नव्हता पण पायातलं पैंजण ओळखीचं होतं, गावात एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला आणि मी माफी मागायला गेले. परत येताना गाडीत विचार चालला होता की नीतिमूल्यं माझ्या सिलॅबसमध्ये पाचव्या युनिटमध्ये आहेत आणि ते युनिट आम्ही फील्डवर्क झाल्यावर शिकवतो. हसावं की रडावं.

तर अडचण अशी होती. तक्त्यात सगळीकडे 3, आणि गावात शून्य.

कुठले पर्याय समोर होते

पहिला पर्याय, काहीच करू नये. हा पर्याय लोक लिहीत नाहीत पण तो नेहमी टेबलावर असतो. निकाल चांगला, तक्ता भरलेला, मंडळी खूश.

दुसरा, विभागप्रमुखांनी सुचवलेला: आउटकमची भाषा बदलून घ्या. 'समजून घेईल' च्या जागी 'विश्लेषण करेल', 'आराखडा तयार करेल' अशी क्रियापदं. शिकण्याच्या पायऱ्या मांडणाऱ्या ब्लूमच्या वर्गीकरणातली क्रियापदांची यादी सगळ्यांकडे पीडीएफमध्ये असतेच. दोन तासांचं काम. मी त्यांना विचारलं, "सर, पण परीक्षा तीच राहणार ना, पाच कृतिक्षेत्रं लिहा?" ते म्हणाले, "परीक्षेचं नंतर बघू". माझ्या मते सगळा घोळ या 'नंतर बघू' मध्येच आहे. मुलं सिलॅबस वाचत नाहीत, मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका वाचतात. त्यात काही चूकही नाही, आपणही तेच करायचो.

तिसरा, बाहेरची तयार कॉम्पिटन्सी फ्रेमवर्क, म्हणजे कामाला लागणाऱ्या क्षमतांची यादी, उचलून पूर्ण कोर्स त्यावर बेतायचा. 2008 साली गॉलवे इथे झालेल्या परिषदेत हेल्थ प्रमोशनच्या कामाची आठ क्षेत्रं ठरली होती, नंतर युरोपात कॉम्पएचपी नावाच्या प्रकल्पात ते आणखी बारकाईने झालं: बदल घडवायला हातभार लावणं, आरोग्यासाठी पाठपुरावा (ॲडव्होकसी) करणं, वेगवेगळ्या पक्षांमध्ये भागीदारीतून मध्यस्थी करणं, संवाद, नेतृत्व, गरजांचा अंदाज, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन आणि संशोधन, अशी नऊ क्षेत्रं, आणि या सगळ्याच्या खाली पाया म्हणून नीतिमूल्यं आणि ज्ञान. वाचताना मला ती 'पाया' गोष्ट लागली. त्यांनी नीतिमूल्यं तळाला ठेवली होती म्हणजे पायात, मी तळाला ठेवली होती म्हणजे शेवटी.

पण नऊच्या नऊ क्षेत्रं एका चार क्रेडिटच्या पेपरात? तिकडची यादी कामावर असलेल्या आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसासाठी आहे, आमची मुलं वीस वर्षांची, बरीच पहिल्यांदाच अनोळखी घराच्या पायरीवर उभी राहणारी. तिकडचं जसंच्या तसं आणायची आपल्याकडे एक खोड आहे, त्याचं एक उदाहरण माझ्याच फाईलमध्ये होतं. मी वापरत असलेलं फील्ड मॅन्युअल कुठल्यातरी दुसऱ्या राज्याच्या मटेरियलवरून उतरवलेलं, त्यात पानोपानी 'गावातल्या आशा ताईंशी संपर्क साधा'. गोव्यात आशा कार्यक्रमच नाही! इथे अंगणवाडी सेविका आहे, आरोग्य केंद्राच्या नर्स आहेत, मल्टिपर्पज वर्कर आहेत. इतकी वर्षं कोणा विद्यार्थ्याने विचारलं नाही म्हणजे कोणी ते मॅन्युअल वाचलंच नव्हतं, आणि मीही नव्हतं वाचलं.

चौथा पर्याय, जो शेवटी घेतला: नवातली थोडीच क्षेत्रं घ्यायची, पण त्यांची परीक्षा आधी ठरवायची, मग सिलॅबस.

काय केलं

सुरुवात एका बैठकीने. आरोग्य केंद्रातले एक एक्स्टेंशन एज्युकेटर (लोकांपर्यंत आरोग्याची माहिती पोचवणारे), एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त नर्स, पंचायतीतले एक पंच आणि एका संस्थेत काम करणारी आमचीच जुनी विद्यार्थिनी, यांना चहाला बोलावलं. कॉम्पिटन्सी हा शब्द काढलाच नाही. एकच प्रश्न विचारला, नवीन पोरगं कामावर आलं की पहिल्या सहा महिन्यांत ते काय चुकवतं?

दोन तास झाले तरी लोक थांबेनात. एज्युकेटर म्हणाले, मीटिंगचं मिनिट, म्हणजे इतिवृत्त, लिहिता येत नाही, कोण काय करणार आणि कधी, हे सोडून बाकी सगळं लिहितात. नर्सबाई म्हणाल्या, पोरं घरात शिरतात आणि आधी बोलतात, घरातलं माणूस बोलेपर्यंत थांबत नाहीत. सेविका म्हणाली, "आमच्याकडून यादी मागतात आणि परत तोंड दाखवत नाहीत." पंचांचं म्हणणं वेगळंच, मुलांना कुठलं काम पंचायतीचं, कुठलं आरोग्य खात्याचं, कुठलं वनखात्याचं हेच माहीत नसतं, सगळ्याला 'सरकारने करावं' म्हणतात. जुन्या विद्यार्थिनीने मात्र मला जमिनीवर आणलं. म्हणाली, मॅडम, मला ओटावा चार्टर अजून पाठ आहे, पण पहिल्या नोकरीत मला बजेटचा कागद वाचता येत नव्हता.

ही सगळी वाक्यं आम्ही भिंतीवर चिकटवली आणि नऊ क्षेत्रांच्या यादीशी जुळवली. गंमत म्हणजे जुळली. 'यादी मागतात आणि परत येत नाहीत' हे नीतिमूल्य आणि भागीदारी दोन्हीत बसतं. पण पाठपुरावा आणि मध्यस्थी या दोन क्षेत्रांवर विभागात वादावादी झाली. एक सहकारी म्हणाले, आपली मुलं सरकारी नोकरीत जाणार, तिथे कसली ॲडव्होकसी, गप्प बसायची सवय लावा. अर्धं चेष्टेत, अर्धं खरं. ते दोन्ही वगळायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी म्हटलं, पण आजीचा प्रश्न याच दोघांत येतो. जंगलात जाऊ नका हे सांगणं संवाद झाला, आणि जंगलात जावंच लागतं तर मग कोणाकोणाला एकत्र आणून काय करता येईल ही मध्यस्थी. शेवटी तडजोड अशी की पाठपुरावा म्हणजे मोर्चा नाही, ग्रामसभेत मांडता येईल असा अर्ध्या पानाचा ठरावाचा मसुदा लिहिता येणं. तेवढ्यावर सगळे तयार झाले.

नेतृत्व मात्र आम्ही सोडून दिलं. तिथे 'ग्रुप लीडर होता' एवढंच लिहिलं गेलं असतं.

मग परीक्षा. मिलर नावाच्या माणसाने 1990 मध्ये डॉक्टरांच्या परीक्षेसाठी एक पिरॅमिड मांडला होता, माहीत आहे, कसं करायचं माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. आमचा जुना पेपर पहिल्या पायरीवर बसला होता, जास्तीत जास्त दुसरीवर पाय. ठरवलं की निम्मे मार्क तिसऱ्या पायरीवर न्यायचे. म्हणजे क्रेडिटची वाटणी 3+1 ची 2+2 करायची, 30 तास थिअरी आणि 60 तास प्रॅक्टिकल.

इथे खरी अडचण आली आणि ती शैक्षणिक नव्हतीच. प्रॅक्टिकल वाढलं की वर्कलोड बदलतो, बॅच पाडाव्या लागतात, टाइमटेबल हलतं, कोणाचा तरी एक तास कमी होतो आणि कोणाचे दोन वाढतात. अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये ओटावावर कोणी बोललं नाही, सगळा वेळ वर्कलोडवर गेला. शिवाय नव्या टाइमटेबलमध्ये पेपर जुलैच्या सेमिस्टरला आला होता, पावसात. माकडतापही नाही, काजूही नाही, गाव शेतात. तो दुसऱ्या सेमिस्टरला नेण्यासाठी दुसऱ्या एका मॅडमशी पेपरची अदलाबदल केली, त्यासाठी मी त्यांचं वार्षिक गॅदरिंगचं काम घेतलं. असल्या गोष्टी सिलॅबसच्या कागदावर दिसत नाहीत.

बाहेरच्या माणसांनी मार्क द्यावेत अशी माझी इच्छा होती, म्हणजे नर्स आणि एज्युकेटर यांनीच. परीक्षा विभागाने साफ नाही म्हटलं, परीक्षक शिक्षकच हवा. मग त्यांच्याकडून मार्क नाही, एक पानाचा लेखी अभिप्राय घ्यायचा आणि आयएसएचे, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत मूल्यमापनाचे, मार्क देताना आम्ही तो समोर ठेवायचा, असं केलं. अर्धवट तोडगा आहे, कबूल.

नीतिमूल्यं पहिल्या आठवड्यात आली. आणि व्याख्यान नाही, ते फोटोचं प्रकरणच नाव-गाव बदलून वर्गात ठेवलं. संमती विचारायची ती कशाची, फोटो काढायची की फोटो फिरवायची, यावर मुलं तासभर भांडली. या वर्गातून पास झाल्याशिवाय गावात जायचं नाही असा नियम केला.

गावात काय झालं

नवीन बॅच त्याच गावात गेली, फेब्रुवारीच्या शेवटी. पहिल्या दोन भेटींत काहीही सांगायचं नाही, फक्त बघायचं आणि विचारायचं, असं ठरलेलं. मुलं कंटाळली. पण एका मुलाला, लेखीत जेमतेम पास होणारा, घरचीच बागायत असलेला, एक गोष्ट दिसली जी मला किंवा पोस्टरवाल्यांना दिसली नव्हती. तो म्हणाला, "मॅडम, आपण घरोघरी कशाला फिरतोय? बोंडू सगळे एकाच ठिकाणी जातात, भट्टीवर."

खरंच होतं. सकाळी बागेत गेलेली माणसं दुपारी बोंडू घेऊन भट्टीवर येतात, तिथे रस काढतात, उर्राक आणि फेणी, म्हणजे काजूची दारू, तिथेच होते. जंगलात जाणारं प्रत्येक माणूस रोज त्या एका जागेवरून जातं. म्हणजे भट्टीवाला हा त्या गावात आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा माणूस, आणि आम्ही त्याच्याशी कधी बोललोच नव्हतो, उलट 'दारूचे दुष्परिणाम' हा आमचा दुसरा पोस्टरचा विषय होता. त्याच्या दारात तेच पोस्टर घेऊन गेलो असतो तर काय झालं असतं!

मुलांनी भट्टीवाला, आरोग्य केंद्र आणि पंच यांची एक छोटी बैठक घडवून आणली. आरोग्य खात्याकडून मिळणारं, गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचं तेल भट्टीवर ठेवायचं, सकाळी बागेत जाताना लोकांनी पायाला-हाताला लावायचं, संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे धुवायला टाकायचे, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कोणाला फोन करायचा तो नंबर भट्टीच्या खांबावर. हा नंबर शोधण्यातच एक आठवडा गेला. वनखातं म्हणे आरोग्य केंद्राला कळवा, केंद्र म्हणे पशुसंवर्धनला, ते परत वनखात्याला. मुलांनी कोण कोणाला कळवतो याची एक साधी चौकटी-बाणांची आकृती काढली आणि तिन्हीकडे नेऊन दाखवली. मला विचाराल तर त्या सेमिस्टरचं सगळ्यात चांगलं काम ती आकृती होती.

ग्रामसभेचा मसुदाही लिहिला गेला. ग्रामसभा रविवारी, त्यामुळे माझे दोन रविवार गेले. मसुदा वाचायची वेळच आली नाही, सभा एका रस्त्याच्या भांडणात संपली. मुलांचे मार्क कापले नाहीत, मसुदा बघून दिले.

निकाल

वर्गाची सरासरी खाली आली. पाठांतरवाल्या मुलांचे मार्क घसरले आणि दोन पालक येऊन गेले. त्यांना मी मुलाने लिहिलेलं मीटिंगचं मिनिट आणि रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क त्याचा तक्ता, दाखवलं, एकाला पटलं, दुसऱ्याला नाही. माकडतापाच्या केसेस कमी झाल्या का, हे मी लिहिणार नाही, एका गावातल्या एका मोसमावरून असलं काही म्हणणं म्हणजे आम्ही मुलांना जे करू नका शिकवतो तेच करणं. एज्युकेटरांच्या अभिप्रायात एक ओळ होती, 'यावेळी मुले परत आली.' मी ती जपून ठेवली आहे.

पुन्हा करायचं झालं तर

रुब्रिक तीन शिक्षकांनी आपापलं वापरलं आणि एकाच बैठकीच्या व्हिडिओला तिघांचे मार्क 12, 17 आणि 21 आले, पंचवीसपैकी. आधी एकत्र बसून दोन-तीन नमुने तपासून मग सुरू करायला हवं होतं. आम्ही ते सेमिस्टर अर्ध्यावर आल्यावर केलं, तोवर काही मुलांवर अन्याय झाला होता.

गटाला एकच मार्क देणं ही दुसरी चूक. गटात पाच जण, काम दोघांचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या वेळी प्रत्येकाकडून स्वतःच्या एका संभाषणाचं टिपण घेणार, काय विचारलं, समोरचा काय म्हणाला, मी काय बोलायला नको होतं.

आणि पाठपुरावा. मसुद्यावर समाधान मानणं बरोबर होतं का, अजून ठरत नाही. वगळलं नाही याचा आनंद आहे, पण मसुदा म्हणजे परत कागदच. आरोग्य केंद्रातल्या माणसांचा वेळही आम्ही फुकट घेतला, एका नर्सला लसीकरणाच्या दिवशी आमची मुलं सांभाळावी लागली. बाहेरच्यांना बोलवायचं तर त्यांच्या कॅलेंडरप्रमाणे, आमच्या नाही.

एक गोष्ट तर अगदीच सुटली. एप्रिलच्या मध्यावर भट्टीवाल्याचा फोन आला, तेल संपलंय, परत कधी आणणार? मुलं तेव्हा परीक्षेच्या तयारीत, प्रोजेक्ट सबमिट झालेला, मार्क भरून झालेले. तेल कोण भरत राहणार हे त्या बैठकीच्या मिनिटमध्ये कोणी लिहिलंच नव्हतं, आणि मिनिटला आम्ही चांगले मार्क दिले होते. मी स्कूटरवरून केंद्रात जाऊन बाटल्या घेतल्या आणि भट्टीवर नेऊन दिल्या. रुब्रिकमध्ये आता एक रकाना वाढवलाय: 'आपण गेल्यावर हे कोण बघणार, नाव लिहा.'